मदत हवी आहे: चकलीच्या जाहिरातीला लोक हसतात, पण नाव आठवत नाही

खुसखुशीत_ठाणे
घंटाळीजवळ भाजणीच्या चकलीचं दुकान आहे. २० सेकंदांची जाहिरात मोबाइलवर फिरवायची आहे. कच्चं एडिट असं: ठाणे-वाशी लोकल, चौथ्या सीटवरचा पेंगतोय, डोकं शेजाऱ्याच्या खांद्यावर पडतं, शेजारी ढकलतो. तिसऱ्यांदा अख्खी रांग कलंडते. १७व्या सेकंदाला पाकीट आणि नाव. लोक खळखळून हसतात, पण नंतर विचारलं की "ती डुलकीवाली ना?" नाव मोठं करू, की विनोदच काढू?

तिरकस
दोन्ही नको. पाकीट वगळून बघा, विनोद तसाच उभा राहतो. म्हणजे याच फिल्मच्या शेवटी उशीही विकता येईल! कुरकुरेचं 'टेढा है पर मेरा है' आठवा. वाकडेपणा त्या तुकड्याच्या आकारातच आहे, म्हणून ओळ दुसऱ्या कुणाला चिकटत नाही.

तुमच्याकडे डुलकी ठेवा, पण तिसऱ्या सेकंदाच्या आत शेजाऱ्याला पाकीट फोडू द्या. पेंगणाऱ्याचे डोळे मिटलेलेच, हात मात्र बरोबर पाकिटात. कुर्रम. मग समोरच्या 'झोपलेल्या' बाईंचाही हात. शेजारी स्वतः हात घालतो तर बोटाला नुसता चुरा. तेव्हा पहिला डोळे न उघडता विचारतो, "कोपरखैरणे आलं का?"

हसू येतं ते नियम मोडल्यामुळे, पण कुणाचं काही बिघडलं नाही म्हणूनही. मॅकग्रॉ आणि वॉरन या विनोदाच्या अभ्यासकांनी २०१० मध्ये हेच मांडलं. चकली पळवणं चालेल. तीच लहान मुलाच्या हातातून हिसकावली की प्रेक्षक मुलाच्या बाजूला जातो आणि तुमचा माल खलनायकाच्या हातात राहतो.

कानसेन
आवाज लोकलमध्ये रेकॉर्ड करू नका. पंखा बंद, खोलीत चादरी टांगा, माइक सहा इंचांवर, तोंडासमोर नाही, जरा बाजूला. चकली ताजी हवी. सादळलेली नुसती दबते, तुटत नाही. झाम्पिनी आणि स्पेन्स या संशोधकांच्या २००४ च्या प्रयोगात चिप्स चावतानाचा २ किलोहर्ट्झच्या वरचा, म्हणजे उंच पट्टीतला आवाज वाढवला, तर खाणाऱ्यांना त्याच चिप्स जास्त कुरकुरीत वाटल्या. तेवढाच भाग किंचित उचला. फार उचललात तर काच फुटल्यासारखं होतं. आणि कुर्रमच्या आधी अर्धा सेकंद पूर्ण शांतता; पार्श्वसंगीत तिथे हटकून घोळ घालतं.

लोकलमध्ये शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते. त्यापेक्षा एक बाक आणि खिडकीची चौकट उभी करा.

खुसखुशीत_ठाणे
मग नाव कोण म्हणणार? शेवटी 'घरगुती, शंभर टक्के नैसर्गिक' टाकायचं होतं.

तिरकस
नाव शेजाऱ्याच्या तोंडी, चुरा बघून, वैतागून: "अहो, माझी अमुकची चकली!" वैतागात उच्चारलेलं नाव निवेदकाच्या गोड आवाजापेक्षा जास्त टिकतं, असं माझं मत. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून तेच वाक्य खाली अक्षरांतही द्या. 'घरगुती', 'नैसर्गिक' या शब्दांवर एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१८ च्या जाहिरात नियमांत अटी आहेत. त्या वाचल्याशिवाय वापरू नका.

नवं एडिट दहा अनोळखी लोकांना दाखवा. लगेच काही विचारू नका. दुसऱ्या दिवशी तीनच प्रश्न: काय घडलं, काय विकत होते, नाव काय. "आवडली का?" हा प्रश्न बाद, समोरचा भिडेखातर हो म्हणतो. सात जणांना नाव आलं नाही, तर पाकीट आणखी आधी आणा.