मदत हवी आहे : प्रशांत महासागरातील बेटांच्या संयुक्त निसर्गसंवर्धनाविषयी

सप्रेम नमस्कार. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी मी एक व्याख्यान तयार करीत आहे. २००६ साली पश्चिम प्रशांत महासागरातील पलाऊ, मार्शल बेटे, मायक्रोनेशिया संघराज्य, ग्वाम आणि उत्तर मारियाना बेटे यांनी २०२० पर्यंत किनाऱ्यालगतच्या सागरी संपदेचा ३० टक्के व जमिनीवरील संपदेचा २० टक्के भाग जपण्याचा एकत्रित संकल्प केला. जमीन आणि समुद्र एकाच संकल्पात आले, हे मला विशेष मोलाचे वाटते. कारण डोंगरावरची झाडी तुटली की पावसाबरोबर उतरलेली माती थेट प्रवाळांवर बसते आणि मासळीचा आसराच जातो.

यासाठी उभारलेल्या सामाईक निधीतून प्रत्येकाचा वाटा कोणत्या निकषावर ठरतो आणि गावपातळीवर देखरेख कोण करते, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे. आमच्याकडे भीमगडचे जंगल गोव्याच्या म्हादई अभयारण्याला लागून आहे, म्हादई नदी इथे उगम पावून तिकडे वाहते. त्यामुळे सीमेपलीकडच्या शेजाऱ्याशी वाटून घेतलेली जबाबदारी मुलांना चटकन उमगेल. या विषयावरील मराठी लेख किंवा नकाशे कोणाकडे असल्यास अवश्य कळवावे.