अ‍ॅम्बॅसॅडर १.५ पेट्रोल : नवे पॉइंट पुन्हा का जळले

नवे पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) महिन्याभरात जळले आणि गाडी गरम झाल्यावर बंद पडते, ही तुमची तक्रार वाचून आधी कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी गुंडाळी) तपासा असं सांगेन. या १४८९ सीसी इंजिनाच्या मूळ वायरिंगमध्ये बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी करणारा रोधक) नाही, म्हणून कॉइल साधी १२ व्होल्टचीच हवी. तिच्या दोन्ही बारीक वायरी काढून दोन टर्मिनलांच्या मध्ये मल्टिमीटर लावा. साधारण ३ ओहम आले तर ठीक. दीडच्या आसपास आले तर ती बॅलास्टवाली आहे : करंट दुप्पट जातो, कॉइल तापते आणि पॉइंट जळतात.

दुकानात फक्त 'अ‍ॅम्बॅसॅडरचे पॉइंट' असं मागू नका. नंतरच्या १८०० इसुझू इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्रत्येक प्लगला वाटणारा भाग, पॉइंट यातच असतात) वेगळा आहे. तुमच्या डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर कोरलेला नंबर लिहून घ्या, जुना पॉइंट सेट आणि रोटर (त्यातला फिरणारा तुकडा) सोबत न्या. कॅप (डिस्ट्रिब्युटरचं झाकण) तर रोटरबरोबर जुळवूनच घ्या.

रोटरकडे खास लक्ष द्या. स्वस्त रोटरमध्ये पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असते. तिथून स्पार्क आत शाफ्टला उतरतो, तोही बहुधा गरम झाल्यावर. रिव्हेट नसलेला, घट्ट बसणारा रोटर मिळाला तर तोच घ्या. कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी कमी करणारा भाग) मात्र पॉइंटसोबतच बदला.

डिस्ट्रिब्युटर लुकास २५डी मॉडेलचा असेल तर पॉइंट पूर्ण उघडे असताना गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. गॅप बदलला की टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) हलतं, म्हणून टायमिंग नेहमी शेवटी लावा.