रॅमेलझीने क्षेत्र बदलले, की फक्त पृष्ठभाग?

बोरू

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांवर स्प्रेने अक्षरे रंगवणाऱ्या पिढीतील रॅमेलझी (१९६०–२०१०) याच्याविषयी लिहिताना ग्राफिटीकडून संगीताकडे आणि तेथून कलादालनाकडे असा प्रवास सांगण्याची प्रथा आहे. मला ती चुकीची वाटते. अक्षर हा एकच विषय त्याने डब्यावर, कॅनव्हासवर, आवाजात आणि शेवटी भंगारात चालवला, असे माझे मत आहे. कोणाला ते खोडून काढायचे असल्यास जरूर काढावे.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील फार रॉकअवे या, भुयारी रेल्वेच्या ए मार्गाच्या टोकाला असलेल्या वस्तीत तो वाढला. त्याचे म्हणणे असे, की मध्ययुगीन मठांतील भिक्षूंनी हस्तलिखितांमधील अक्षरे इतकी नटवली की ती धर्माधिकाऱ्यांनाही वाचता येईनात, पुढे छापखान्याने त्यांना रांगेत बसवले, आणि बोगद्याच्या अंधारात स्वतःचे नाव अधिकाधिक गुंतागुंतीचे करत नेणारी मुले ही त्या भिक्षूंची वारस होत. अक्षराला बाण आणि चिलखत चढवून भाषेच्या ताब्यातून सोडवायचे, या कार्यक्रमाला त्याने ‘गॉथिक फ्यूचरिझम’ असे नाव दिले होते. स्वतःच्या नावालाही तो नाव न म्हणता समीकरण म्हणत असे.

आता रॅमेलझी आणि रॅपर के-रॉब यांची १९८३ची ‘बीट बॉप’ ही तबकडी ऐकावी. चित्रकार ज्याँ-मिशेल बास्कियाने लिहून आणलेले शब्द आपण आणि के-रॉबने हसून बाजूला सारले आणि ऐनवेळी सुचेल ते म्हटले, असे रॅमेलझी सांगत असे. दहा मिनिटांहून लांब असलेल्या या रॅपमध्ये के-रॉब शाळकरी मुलाच्या सरळ आवाजात बोलतो, तर रॅमेलझी रस्त्यावरच्या दलालाचे सोंग घेऊन नाकातून, शब्द ताणत आणि मध्येच तोडत बोलतो, आणि त्याच्या वाक्यांचे शेपूट प्रतिध्वनीत विरघळून जाते. डब्यावरचे न वाचता येणारे अक्षर कानाने ऐकावे, तसे ते मला वाटते.

तिरकस रेघ

बोरू, तुमची मांडणी सुबक आहे आणि तीच मला खटकते. कलावंताने स्वतःविषयी रचलेली कथा आपण पुरावा म्हणून स्वीकारत आहात. डोंडी किंवा ली या ग्राफिटी चित्रकारांच्या डब्यांची जितकी छायाचित्रे उपलब्ध आहेत, त्या मानाने रॅमेलझीच्या डब्यांची फारच थोडी आहेत. म्हणजे ज्या मुळापासून सारे उगवले असे आपण म्हणता, तेच सर्वांत कमी दिसते, आणि सिद्धान्त मात्र भरपूर आहे.

तबकडीचेही तेच. पहिल्या आवृत्तीच्या सुमारे ५०० प्रती निघाल्या, त्यांचे काळ्यावर पांढऱ्या रेघांचे वेष्टण बास्कियाने काढले होते, आणि आज ती प्रत लिलावात चढ्या भावाने जाते ती त्या वेष्टणामुळे. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातील बास्कियाच्या ‘हॉलिवुड आफ्रिकन्स’ या चित्रातही रॅमेलझी आहे, पण तेथे तो दुसऱ्याच्या चित्रातील एक चेहरा आहे. कलादालनाने त्याला आत घेतले ते बास्कियाच्या शेजारचा माणूस म्हणून. यात अक्षराचा संबंध कोठे आला?

रुळावरचा

मी न्यू जर्सीत राहत असल्यामुळे २०१८ मध्ये मॅनहॅटनमध्ये भरलेले त्याचे मोठे प्रदर्शन पाहता आले, म्हणून लिहितो. तिरकस रेघ यांचा बाजारभावाचा मुद्दा खरा असला, तरी ‘लेटर रेसर्स’ या त्याच्या शिल्पांसमोर उभे राहिल्यावर तो फारसा टिकत नाही. स्केटबोर्डच्या फळ्या, खेळण्यांचे तुकडे आणि रस्त्यावर सापडलेले भंगार जोडून त्याने रोमन लिपीतील एकेका अक्षराचे लढाऊ वाहन केले आहे. मी बराच वेळ एका वाहनाखाली मान वर करून उभा होतो. प्रथम फक्त कचरा दिसला, मग नाकाडासारखे टोक दिसले, आणि बाजूला सरकल्यावर अचानक अक्षराची पाठ ओळखू आली. बास्कियाचा येथे काडीचाही संबंध नाही.

(एक अवांतर: हे रोमन लिपीतच शक्य झाले असावे. तिची छापील अक्षरे सुटी उभी राहतात. आपली शिरोरेषेला टांगलेली असतात, त्यामुळे एकट्या अक्षराला चाके लावण्याची कल्पना आपल्याला सहज सुचणार नाही.)

मात्र क्षेत्र बदललेच नाही, हे बोरू यांचे म्हणणे मला मान्य नाही. मॅनहॅटनच्या ट्रायबेका भागातील ज्या राहत्या जागेला तो ‘बॅटल स्टेशन’ म्हणत असे, तेथे त्याने वर्षानुवर्षे मुखवटे आणि चिलखती पोशाख रचले. डबा शहरभर फिरून परक्या माणसांसमोर येत असे. हे पाहायला त्याच्या दारात जावे लागे.

तिरकस रेघ

नेमके हेच. त्याच काळातील ग्राफिटी चित्रकार फ्युचुरा घ्या. १९८०च्या ‘ब्रेक’ या डब्यावर त्याने नावापेक्षा रंगांच्या ढगांना जागा दिली, १९८१ मध्ये द क्लॅश हा ब्रिटिश रॉक बँड गात असताना त्यांच्या पाठीमागे तो रंगमंचावर चित्र काढत होता, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या ‘कॉम्बॅट रॉक’ या अल्बममध्ये त्याचा रॅपही आला. तेथे चित्रकार केवळ मागचा पडदा झाला असे कोणी म्हणेल, पण आपण दुसऱ्याच्या मैफलीत आलो आहोत हे त्याला ठाऊक होते. रॅमेलझीचे भक्त मात्र प्रत्येक गोष्ट आधीच ठरलेली होती असे दाखवतात.

बोरू

भक्त हा शब्द मी सोडून देतो. डब्यांच्या छायाचित्रांचा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागेल. ‘एकच विषय’ म्हणताना मी त्याच्या नंतरच्या लेखनावर अधिक विसंबलो. तरीही फ्युचुराची तुलना उलट माझ्याच बाजूने जाते, कारण त्याने डब्यावरच अक्षर मागे सारले होते, आणि रॅमेलझी त्याला अखेरपर्यंत सोडायला तयार नव्हता.

कानसेन

चित्रकलेतले मला फारसे कळत नाही, पण ‘बीट बॉप’ मी कित्येक वर्षे ऐकत आहे. आपण सर्वांनी अर्धी तबकडी बाजूला ठेवली आहे. के-रॉबजवळ कोणताही सिद्धान्त नव्हता, भिक्षू नव्हते की समीकरणे नव्हती. तो घरी परतणाऱ्या मुलाची गोष्ट स्वच्छ उच्चारांत सांगतो, आणि त्याचा सरळपणा शेजारी आहे म्हणूनच रॅमेलझीचे वाकडे बोलणे खुलते. मागे व्हायोलिन कुरकुरत राहते तेही दोघांना सारखेच चिकटलेले आहे. रॅमेलझीचा तो नाकातला सूर पुढे बीस्टी बॉइजसारख्या रॅप गटांच्या गाण्यात ऐकू येतो, तो त्यांनी भिक्षूंची कथा वाचून घेतला असेल असे मला वाटत नाही. तबकडी लावली आणि आवाज आवडला. तेव्हा बोरू, अक्षराची कथा क्षणभर विसरून के-रॉबच्या पहिल्या प्रवेशापासून ती पुन्हा ऐका, आणि मग सांगा.