'फुटीर' की 'विभक्त'? सोमालीलँडच्या नावामागे काय लावावं

मृण्मयी_क :
एका पाक्षिकासाठी आफ्रिकेच्या शिंगावरचा (म्हणजे आफ्रिकेच्या ईशान्य टोकावरचा, 'हॉर्न ऑफ आफ्रिका') लेख मराठीत करतेय. मूळ मजकुरात सोमालीलँडच्या मागे दर वेळी 'ब्रेकअवे' आहे. मी 'सोमालियापासून विभक्त झालेला' लिहिलं, संपादकांनी खोडून 'फुटीर प्रांत' केलं. 1991 पासून ते वेगळे आहेत, त्यांचं स्वतःचं सरकार, सैन्य, चलन, पासपोर्ट आहे, मतदानाने राष्ट्राध्यक्ष बदलतात. त्यांना फुटीर? मला तर हॉटेलात कोंडलेले आमदारच दिसतात.

तात्या_पेणकर :
संपादक बरोबर आहेत. 'फुटीरतावादी' वर्षानुवर्षं छापून येतंय, वाचकाला लगेच कळतं. 'विभक्त' म्हटलं की रेशनकार्ड आठवतं.

कोरा_कागद :
कळतं, पण काय कळतं? पेपर फुटतो, धरण फुटतं, आमदार फुटतात. फुटणाऱ्याकडे आधीच संशयाने बघितलं जातं.

तात्या_पेणकर :
पालवीही फुटते, पान्हाही फुटतो. क्रियापदावर कशाला राग?

कोरा_कागद :
म्हणून पालवीला कोणी 'फुटीर' म्हणतं का? '-ईर' लागला की शिवीच होते.

बापू :
मग 'खंबीर' कुठे शिवी आहे?

नदीकाठ :
प्रत्यय बाजूला ठेवा, इतिहास बघा. ब्रिटिश सोमालीलँड 26 जून 1960 ला स्वतंत्र झालं. इटलीच्या ताब्यातला दक्षिण भाग 1 जुलैला, आणि त्याच दिवशी दोघं एक झाले. म्हणजे मधले पाच दिवस तो रीतसर वेगळा देश होता. विलीनीकरणाच्या कायद्याचे मसुदेही दोन्हीकडे वेगवेगळे मंजूर झाले होते. सोमालीलँडच्या राजधानीतले, म्हणजे हर्गेसावाले, याच्यावरच बोट ठेवतात : आम्ही तुटलो नाही, दिलेलं परत घेतलं. 18 मे 1991 च्या बुराओ परिषदेतल्या निर्णयाला सोमालीत 'ला सो नोकोशो' म्हणतात, म्हणजे घेऊन परत येणं. सोमालियाच्या राजधानीतले, म्हणजे मोगादिशूकडचे, त्यालाच 'गोनी-गोसाद' म्हणतात, वेगळं कापून घेणं. 'फुटीर' लिहिलंत की तुम्ही मोगादिशूच्या बाजूचे झालात.

तात्या_पेणकर :
मग 'काडीमोड' लिहा. अस्सल मराठी, आणि झालं ते नेमकं तेच.

मृण्मयी_क :
तात्या, काडी मोडायला समोरचा हवा. मोगादिशूने आजवर सोडचिठ्ठी दिलेली नाही. आणि 1988 मध्ये सोमालियाचा हुकूमशहा सियाद बारे याच्या विमानांनी हर्गेसावर बाँब टाकले, तेही त्याच शहराच्या विमानतळावरून उडून. याला मी काडीमोड नाही म्हणणार.

सायली७७ :
'स्वायत्त' का नको?

नदीकाठ :
तो शेजारच्या, सोमालियातल्याच पुंटलँडला द्या. 1998 पासून त्यांचा कारभार वेगळा आहे, पण वेगळा देश मागत नाहीत. सोमालीलँडला स्वायत्त म्हणणं म्हणजे मागितलेलं सोडून दुसरंच हातावर ठेवणं.

सायली७७ :
'स्वयंघोषित'?

कोरा_कागद :
बाबा, महाराज आणि भाई. चौथा नको.

जुना_खलाशी :
बोटीवर असताना सोमालीलँडच्या बर्बेरा बंदराला जाणं झालंय. सौदीला जाणाऱ्या शेळ्यामेंढ्यांचा वास किनाऱ्याच्या आधी येतो. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने सांगितलं, त्याच्या वडिलांच्या वेळी रुपया चालायचा. मला थाप वाटली, पण खरं आहे : 1941 पर्यंत चालत होता. त्याआधी, 1898 पर्यंत तर तिथला कारभार समोरच्या, आजच्या येमेनमधल्या एडनमार्फत हिंदुस्थान सरकारच चालवायचं, आणि एडन होतं मुंबई इलाख्यात. तेव्हा आपल्या जुन्या सरकारी कागदांत शब्द सापडेल.

तात्या_पेणकर :
त्या कागदांत फारतर 'मुलूख' सापडेल. चांगला शब्द आहे हो! 'सोमालींचा मुलूख'.

बापू :
मुलूख फारसी-अरबी. शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्यांनी पाहून घ्यावं. मला दुसरंच खुपतंय. एखाद्या राज्याला बाकीच्यांनी देश म्हणून स्वीकारलं की सगळे 'मान्यता' लिहितात. हल्ली 'अशी मान्यता आहे की' हे हिंदी इतकं घुसलंय की मान्यता म्हणजे समजूत असंच मुलं धरतात. राज्याला मिळतो तो 'अंगीकार'.

कोरा_कागद :
बापू, शाळेला मान्यता, संघटनेला मान्यता, सगळं मराठीच आहे. 'इस्रायलने सोमालीलँडचा अंगीकार केला' वाचून लोक दत्तकविधान समजतील.

नदीकाठ :
या मान्यतेला सोमालीत एक शब्द 'अकोन्सी' आहे. 'अकोन' म्हणजे ज्ञान, जाणणं. म्हणजे मान देणं नाही, ओळखणं. दुसरा अरबीतून आलेला 'इतिराफ'. मला पहिला जास्त पटतो. 2001 च्या सार्वमतात 97 टक्के लोकांनी ज्या राज्यघटनेला होकार दिला, तिच्यात स्वतंत्र देश असल्याचं लिहिलेलंच आहे. लोक, जमीन, सरकार आहेच. अडलंय ते इतरांनी ओळख दाखवण्यावर. आफ्रिकी देशांनी 1964 मध्ये कैरोला ठरवलं, स्वातंत्र्याच्या वेळच्या सीमा हलवायच्या नाहीत. गंमत अशी की सोमालीलँडवाले तोच ठराव पुढे करतात : आमच्या स्वातंत्र्याची सीमा 26 जूनची.

सायली७७ :
पण डिसेंबर 2025 मध्ये इस्रायलने मान्यता दिली ना? मग 'अमान्य' पण गेलं.

तात्या_पेणकर :
एकाने दिली, आफ्रिकी संघाने नाकारली. 'अर्धमान्य' म्हणा.

बापू :
एक म्हणजे अर्धं? गणित कुठल्या शाळेत शिकलात?

मृण्मयी_क :
अहो, मला उद्या मजकूर द्यायचाय. आणि नदीकाठ, तुम्ही 'बुराओ' लिहिलंत, माझ्याकडे एका नकाशावर 'बुर्को' आहे.

नदीकाठ :
1972 पासून सोमाली रोमन लिपीत लिहितात. बुराओच्या त्यांच्या स्पेलिंगमधला 'सी' म्हणजे अरबीतला ऐन, घशातला एक उच्चार, 'क' नव्हे. 'एक्स' म्हणजे घशातला 'ह'. त्यामुळे माजी राष्ट्राध्यक्ष मूसे बीही यांना मराठीत 'बीक्सी' करू नका.

तात्या_पेणकर :
मराठीत ऐन नाही. बुर्कोच लिहा, वाचकाला नकाशात सापडेल तरी.

कोरा_कागद :
असं केलंत तर अलीला 'काली' लिहावं लागेल, तोही 'सी'नेच सुरू होतो.

जुना_खलाशी :
आम्ही बोटीवर 'बुरो' म्हणायचो.

बापू :
आणि ते 'लँड' आहे की 'लॅण्ड'? चंद्रबिंदू मराठीत कधीपासून आला?