ट्रॅक्टर आपला, रान दुसऱ्याचं: भाडं घ्यावं का?

(आमच्या ‘मळ्याची मंडळी’ ग्रुपवर परवा रात्री झालेली चर्चा. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सगळ्यांना विचारून पुढे पाठवतोय. आम्ही बार्शी तालुक्यातले.)

दादा: सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही म्हणून इथंच विचारतो. काल शेजारच्या वस्तीवर रोटर (ट्रॅक्टरमागं जोडायचं, फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) मारायला गेलो होतो. हस्ताचा पाऊस उघडल्यावर कालच वापसा आला (रान कामाजोगं सुकलं), ज्वारी पेरायची सगळ्यांनाच घाई. बांधापासून चार पावलांवर पाइपलाइन होती, जेमतेम चार बोटं खोल. त्यांनी सांगितली नाही, मी विचारली नाही. अडीच इंची पाइप तीन जागी फुटला. शिवाय तणात जुन्या ठिबकच्या नळ्या दबलेल्या होत्या. त्या रोटरच्या रॉडला अशा गुंडाळल्या की मी आणि पोरगं दोन तास विळ्यानं कापत बसलो. रोटरचं एका बाजूचं ऑइल सीलही गेलं. आता ते म्हणतात पाइपलाइन भरून द्या. मी कामाचा रुपया घेतलेला नाही, फक्त डिझेल त्यांचं होतं.

नाना: निम्मे दे आणि मिटव. शेजार तोडू नकोस.

काकू: निम्मे कशाला? फुकट काम करून वर दंड भरायचा का?

भाऊ (पुणे): विमा आहे ना ट्रॅक्टरचा? त्यातून मिळेल की.

ताई (सोलापूर): पाइपासाठी विम्याच्या मागे लागू नका. पण दादा, विम्याचं नाव निघालंच आहे तर पॉलिसीचा कागद काढ आणि वापराच्या अटी जिथं छापल्यात त्या पानाचा फोटो टाक. मी रोज अपघाताच्या क्लेमचीच कागदपत्रं बघते, म्हणून सांगते.

दादा: टाकला. मला तर त्यात काही कळत नाही.

ताई: तिसरी ओळ वाच. फक्त शेती व वनकामासाठी, भाड्याने वापर चालणार नाही. बहुतेक शेतकरी ट्रॅक्टरच्या पॉलिसीत हेच असतं. तू म्हणशील, दुसऱ्याचं रान असलं तरी काम शेतीचंच. बरोबर आहे. पण त्याच वाक्यात ‘भाड्याने’ हा शब्द आहे. उद्या रोटरखाली कुणाचा पाय आला तर कंपनीचा वकील रानमालकाला पहिला प्रश्न विचारणार, ट्रॅक्टरचे किती दिले? तो खरं तेच सांगणार. आणि नुसतं डिझेल घेतलं म्हणजे भाडं नाही, असं समजून निर्धास्त राहू नकोस. वाद घालायला तेवढी फट पुरते.

भाऊ: म्हणजे जखमी माणसाला काहीच मिळत नाही?

ताई: बऱ्याचदा मिळतं, पण कसं ते ऐक. २००७ साली सुप्रीम कोर्टात एक प्रकरण झालं. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा, ट्रॉलीचा विमाच नाही, आणि काम वीटभट्टीच्या मातीचं. मजूर जखमी झाला. कोर्ट म्हणालं, कंपनीची जबाबदारी नाही. मजूर गरीब म्हणून विशेष अधिकार वापरून सांगितलं की कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि मालकाकडून वसूल करावेत. म्हणजे अखेर बोजा मालकावरच. आपल्याकडे मालक म्हणजे तू. विकायला काय आहे आपल्याकडे? रानच ना?

दादा: मग बंद करून टाकतो. माझं रान आणि मी.

नाना: अरे, असं कसं? निम्म्या गावाकडे ना बैल राहिले ना ट्रॅक्टर. वापसा चार दिवसांचा असतो. आमच्या तरुणपणी इर्जिक व्हायची. एकाच्या रानात गावचे दहा-बारा नांगर उतरायचे, संध्याकाळी त्याच्या घरी जेवण. पैशाचं नाव नसायचं, पण ज्याच्याकडे गेलो तो उद्या बैल घेऊन आपल्याकडे यायचा. तुझ्याकडे उद्या कोण काय घेऊन येणार आहे? ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता तर तुलाच भरायचाय. तेव्हा बंद करू नकोस, भाडं घे.

ताई: नाना, अगदी माझ्या मनातलं बोललात. दादा, भाडं घे, उघडपणे घे, आणि कागद त्याला जुळता करून घे. विमा एजंटला लेखी कळव की मी लोकांची मशागत भाड्याने करतो, तसा वापर चालेल अशी पॉलिसी द्या. विम्याचा हप्ता वाढेल, तो दरात धर. ट्रॉलीचा विमा वेगळा. पगारी ड्रायव्हर ठेवलास तर त्याचं नाव आणि त्याचं संरक्षण वेगळं सांगून घ्यावं लागतं. वाळू, विटा, खडी भाड्यानं ओढायची असेल तर ती व्यावसायिक वाहतूक, तिची नोंदणीच निराळी. त्या भानगडीत तू पडू नकोस.

भाऊ: मी हिशेब मांडलाय, बघा. आठ लाखांचा ट्रॅक्टर, दहा वर्षांनी अडीच लाखांना जाईल. म्हणजे वर्षाला ५५,००० झिजले. दादा वर्षाला पाचशे तास चालवतो, तर तासाला ११० रुपये. डिझेल पाच लिटर, ९० नं धरलं तरी ४५०. चालवणाऱ्याची मजुरी १००. ऑइल, फिल्टर, टायर, रोटरची पाती धरून १२०. झाले ७८०. काळ्या रानात एकराला सव्वा तास लागतो, म्हणजे ९७५. यात कर्जाचं व्याज नाही आणि विमाही नाही. दादा, नुसतं डिझेल घेऊन तू एकरामागं चारशेवर रुपये स्वतःच्या खिशातून घालत होतास.

दादा: गावात एकरी १,५०० चाललंय. मला वाटायचं ते लुटतात.

भाऊ: लुटत नाहीत. आणि जीएसटीची भीती नको, मशागतीच्या कामाला तो माफ आहे. पण भाड्याची कमाई शेतीचं उत्पन्न धरली जात नाही, आयकराला ती वेगळी दाखवावी लागते. वही ठेव. तारीख, कुणाचं रान, किती एकर, किती आले, किती उधार.

ताई: आता मला एक नीट सांग. काल ‘मी आणि पोरगं’ म्हणालास. रोटर कोण चालवत होतं?

दादा: थोडा वेळ तोच. माझ्यापेक्षा सरळ ओळ धरतो.

ताई: सोळा वर्षांचा आहे तो! दादा, हात जोडून सांगते. अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला तर बापाला, मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचवीस पूर्ण होईपर्यंत लायसन मिळत नाही. विम्याचं तर विचारूच नकोस. तुझं स्वतःचं हलक्या वाहनाचं लायसन मात्र चालतं. ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलंय की ७,५०० किलोपर्यंतच्या वाहतुकीच्या वाहनालाही तेच लायसन पुरतं. फक्त मुदत तपास.

काकू: आणि रोटरमागं बायांना दगड वेचायला येऊ देऊ नकोस रे. माझ्या माहेरी पीटीओच्या दांड्यात (इंजिनाच्या जोरावर रोटर फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा) एकीचा पदर गेला होता. मी तेव्हा बांधावरच होते. अजून तो आवाज कानातून जात नाही.

भाऊ: पीटीओ मिनिटाला ५४० फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ वेढे. हात सोडवायला वेळच नसतो. दादा, त्याच्यावरचं प्लास्टिकचं कव्हर काढून ठेवलंयस, दिवाळीत मी बघितलंय. ते बसव.

दादा: उद्याच बसवतो. मडगार्डवर पण कुणाला बसवायचं नाही ना?

ताई: कुणालाच नाही. सीट एकच आहे, विमाही तेवढाच समजायचा. आणि उतरण्याआधी रानमालकाबरोबर रानाला एक चक्कर मार. पाइपलाइन, व्हॉल्व्ह, केबल, जुना दगड, जिथं जिथं असेल तिथं त्याच्याकडून काठी रोवून घे. न दाखवलेल्या वस्तूचं नुकसान माझ्याकडे नाही, असा साधा मेसेज आदल्या रात्री पाठव आणि त्याचं ‘हो’ येऊ दे. काठी दाखवूनही फोडलंस तर भरून द्यायचं, कुरकुर करायची नाही.

दादा: आणि कालच्या पाइपाचं?

ताई: नाना म्हणतात तेच. विचारायला तू चुकलास, सांगायला ते चुकले. निम्मे दे.

काकू: बरं, द्या निम्मे. पण सीलचे निम्मे त्यांनी पण द्यावेत.

दादा: बोलतो सकाळी. आणि एजंटला आताच मेसेज केलाय. त्याचा कागद हातात येईपर्यंत बाहेरचं काम घेत नाही. घरचंच उरकतो. नाना, तुमच्या चिंचेखालच्या रानाला वापसा आला का? तुमच्याकडून काही घेणार नाही हां.

नाना: घरचं आहे तर घरचं. पण डिझेलचा कॅन मी भरून ठेवलाय. उद्या सातला ये, पोराला शाळेत पाठव. कोपऱ्यात व्हॉल्व्ह आहे आणि विहिरीची केबल बांधाकडून आडवी गेलीय. दोन्हीकडे काठ्या रोवून, वर लाल फडकी बांधून आलोय.