स्लाउमध्ये मुलांना घराबाहेर कसं काढायचं?

थेम्सकाठची:
पुण्याहून इंग्लंडमधल्या स्लाउला आलो, हा पहिलाच हिवाळा. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ६. तिकडे सोसायटीत खाली सोडलं की जेवायला हाका मारून मारून घसा बसायचा. इथे फ्लॅटखाली नुसतं पार्किंग, आणि डिसेंबरात चारलाच अंधार. पोहण्याचा क्लास लावावा तर पैसेही हवेत आणि गाडीही, आणि गाडी नवरा नेतो. सासूबाई आल्यात, त्या दार उघडलं तरी "कानाला वारं लागेल" म्हणतात. मुलं टॅबला चिकटलीत. तुम्ही काय करता?

सांगलीची काकू:
अगं, आधी सासूबाईंना बाहेर काढ, मुलं मागोमाग येतील.

आमची मराठी शाळा रविवारी दुपारी सुटली की आया गप्पांत आणि पोरं गाडीत मोबाइलवर. मी शाळेत असताना खो-खो खेळलेली. एकदा मागच्या हिरवळीवर आठ पोरं एकाआड एक उलट तोंडं करून बसवली आणि नववं पाठलागाला सोडलं. साहित्य शून्य! पाठीला हात लावून मोठ्यानं "खो" म्हणायचं, हे कळल्यावर तर विचारूच नकोस. घरात शेजाऱ्यांमुळे आवाज करायची चोरी, इथे ओरडलं तरच खो मिळतो. जमीन कायम ओली, म्हणून प्रत्येकाच्या पिशवीत जुनी पँट. मैदानावरची पोलिश आणि पंजाबी पोरं आधी लांबून बघायची, आता त्यांच्यावाचून डाव पुरा होत नाही. 2025च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात इंग्लंडचाही संघ होता म्हटल्यावर आमच्या पोरांची मान ताठ. बाबालोकांनी हाताची घडी घालून बघायचं नाही. आलात, तर पळा!

धावता कोकणी:
काकूंचा डाव झकासच. त्याच्या जोडीला ज्युनिअर पार्करन बघा, म्हणजे दर आठवड्याला बागेत मुलांचं एकत्र धावणं. रविवारी सकाळी ९ ला, 2 किलोमीटर, 4 ते 14 वयाची मुलं, फुकट. एकदाच नाव नोंदवायचं आणि मिळालेला बारकोड जवळ ठेवायचा, तो नसेल तर वेळ नोंदली जात नाही. 11 वेळा धावलं की सगळं अंतर मिळून हाफ मॅरेथॉनएवढं होतं, म्हणून त्या नावाचा मनगटी पट्टा मिळतो. आमचा लेक तो आंघोळीतही काढत नाही.

थेम्सकाठची:
काकू, या रविवारी आम्ही चौघं नक्की, सासूबाईंचं बघते. पण धावण्याचं थोडं अवघड वाटतंय. मुलगा बुजरा आहे. सगळ्यांच्या शेवटी आला तर पुन्हा पाऊल टाकणार नाही.

धावता कोकणी:
शेवटी येणारच नाही. सगळ्यांच्या मागून चालत यायला एक स्वयंसेवक ठरलेलाच असतो. कुणी पळो, कुणी रमतगमत चालो, तो सगळ्यांच्या मागेच. हे सगळं पालकच चालवतात, नवीन माणूस हवाच असतो. पहिल्या रविवारी ते काम तुम्हीच मागून घ्या.