शनोंसोला सबंध दिवस द्या

फ्रान्समधले शांबोर आणि शनोंसो हे दोन राजवाडे एकाच दिवसात उरकावेत का, असं विचारलंत. माझं ऐकाल तर नको. शनोंसो चक्क शेर नदीवर उभा आहे. १५५९मध्ये राजा दुसरा हेन्री गेला आणि राणी कातरिनने त्याच्या लाडक्या प्रेयसीकडून, दियानकडून, हा वाडा काढून घेतला. पुलावरचं ६० मीटर लांब दालन तिनेच बांधवलं. पहिल्या महायुद्धात तिथे जखमी सैनिकांच्या खाटा होत्या. दुसऱ्यात ही नदीच जर्मनव्याप्त भागाची सीमा ठरली आणि दालनाचं पलीकडचं दार मोकळ्या मुलखात उघडायचं! त्या काळ्या-पांढऱ्या फरशीवर, खिडकीखालून सरकणारं पाणी बघत मी कितीतरी वेळ उभी होते. शांबोरला दुहेरी जिन्यासाठी जरूर जा: एक जण चढतो, दुसरा उतरतो, वाटेत गाठ पडत नाही, झरोक्यांतून नजरानजर तेवढी होते.